भिंतीवरची गोधडी, पेटीतली गोधडी : ॲलिस वॉकर यांच्या ‘एव्हरीडे यूज’ या कथेचे पुनर्वाचन

आफ्रिकी-अमेरिकी लेखिका ॲलिस वॉकर यांची ‘एव्हरीडे यूज’ ही कथा १९७३ साली ‘इन लव्ह अँड ट्रबल’ या त्यांच्या कथासंग्रहात समाविष्ट झाली. ‘रोजचा वापर’ असे ज्याचे मराठी रूप करता येईल, त्या साध्या शीर्षकाची ही कथा अमेरिकेतील आणि आपल्याकडीलही इंग्रजीच्या वर्गांत शिकविली जाते. कथेचा विषय वरकरणी किरकोळ आहे. घरातील दोन जुन्या गोधड्या कोणत्या मुलीला द्यावयाच्या? शहरातून आलेल्या मोठ्या मुलीला त्या भिंतीवर टांगावयाच्या आहेत. धाकटी त्या अंथरा-पांघरायला वापरील. आई त्या धाकटीला देते. कथा येथे संपत येते आणि वर्गातील चर्चाही बहुधा येथेच संपते. वारसा वापरात जिवंत राहतो, प्रदर्शनात तो मरतो, असा बोध काढून अध्यापक व विद्यार्थी दोघेही समाधानाने पुढील पाठाकडे वळतात. हा बोध निखालस चुकीचा आहे असे नाही. परंतु तो कथेपेक्षा फार लहान आहे, आणि काही ठिकाणी कथेच्याच साक्षीविरुद्ध जाणारा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कथेची निवेदक आई आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागातील खेड्यात राहणारी, पुरुषी कष्टांनी हात राठ झालेली, डुक्कर मारून सोलू शकणारी ही स्त्री दुसरीपर्यंतच शिकली. १९२७ साली तिची शाळाच बंद पडली. थोरली मुलगी डी हुशार, देखणी, हट्टी. तिला शिकावयास पाठविण्यासाठी आईने आणि चर्चमधील लोकांनी पैसे उभे केले. धाकटी मॅगी पूर्वी लागलेल्या आगीत भाजली आहे. ती पाय ओढत, मान खाली घालून चालते. डी घरी येते ती नवे आफ्रिकी नाव घेऊन, झगझगीत पोशाखात, सोबत एका मित्राला घेऊन. आल्याबरोबर ती घराची छायाचित्रे काढते. मग एकेक वस्तू तिच्या नजरेत भरू लागते : बसून बसून खोलगट झालेली बाके, आजीचे लोण्याचे भांडे, ताक घुसळण्याच्या लाकडी पात्राचे झाकण, त्यातील रवी. झाकण मेजावर शोभेला ठेवावयाचे आणि रवीचे काहीतरी कलात्मक करावयाचे, असे ती ठरवून टाकते. अखेरीस ती आईच्या पलंगापायथ्याच्या पेटीतून दोन गोधड्या काढते आणि तेथे प्रसंग उभा राहतो. त्या मॅगीच्या लग्नासाठी राखून ठेवल्या आहेत असे आई सांगते. डीला ते मूर्खपणाचे वाटते. मॅगी त्या वापरून पाच वर्षांत चिंध्या करील, असे तिचे म्हणणे.

या गोधड्या कशा तयार झाल्या हे कथा बारकाईने सांगते, आणि समीक्षेने ते तितक्याच बारकाईने वाचावयास हवे. अमेरिकी गोधडीचे काम दोन टप्प्यांचे असते. आधी कापडाचे तुकडे एखाद्या आकृतिबंधात जोडून वरचा थर तयार करावयाचा. नंतर तो थर, मधला कापसाचा भर आणि खालचे अस्तर चौकटीवर ताणून, तिन्ही थरांतून टाके घालीत ते एकत्र बांधावयाचे. कथेतील तुकडे आजीने जोडले आहेत. चौकटीवर ताणून टाके घालण्याचे काम मावशीने आणि आईने ओसरीवर बसून केले आहे. म्हणजे या गोधड्या तिघींच्या आहेत, आणि त्या तिघींपैकी एक खुद्द निवेदक आहे. डी बोलत राहते ती आजीच्या हातच्या टाक्यांविषयी. ज्या बाईशी ती वाद घालीत आहे तिचेही टाके याच कापडात आहेत, हे तिला सुचतही नाही. आईदेखील ते बोलून दाखवीत नाही. या मौनात जो अभिमान आणि जो अपमान आहे, तो मला कथेतील सर्वांत सूक्ष्म भाग वाटतो.

या कथेवरील समीक्षेत दोन ठळक भूमिका दिसतात. ह्यूस्टन बेकर व शार्लट पीयर्स-बेकर यांनी १९८५ च्या लेखात मॅगीला परंपरेची खरी वारसदार मानले. तुकड्यांतून अखंड वस्तू घडविणारी स्त्री म्हणजे समूहाच्या सर्जनशीलतेची प्रतिनिधी, असे त्यांच्या मांडणीचे सूत्र. याउलट सुसान फॅरेल यांनी १९९८ साली डीची बाजू घेतली : आई डीकडे ईर्ष्येच्या आणि भीतीच्या चष्म्यातून पाहते, तेव्हा तिचे निवेदन जसेच्या तसे स्वीकारता येणार नाही, डीजवळ लढण्याची जी वृत्ती आहे, तिच्यातूनच आई अखेर काही शिकते. फॅरेल यांचा प्रतिवाद आवश्यक होता. मात्र या कथेभोवतीची चर्चा ज्या द्वंद्वावर पुन्हा पुन्हा येऊन थांबते, ते ‘वापर विरुद्ध प्रदर्शन’ हे द्वंद्व कथेतच कितपत टिकते, हा प्रश्न उरतोच.

ते टिकत नाही, असे मला वाटते. पहिली गोष्ट म्हणजे, शीर्षकात रोजचा वापर असला तरी कथा घडते त्या दिवशी या गोधड्या कोणीच वापरीत नाही. त्या पेटीत आहेत. आईने त्या जपून, घडी घालून, एका प्रसंगासाठी बाजूला ठेवल्या आहेत. म्हणजे आई हीदेखील एक संग्राहक आहे. तिचा संग्रह एका मुलीच्या लग्नासाठी आहे इतकेच. दुसरी गोष्ट त्या रवीची. जी वस्तू खरोखर रोजच्या वापरात आहे, जिच्या पात्रात त्या क्षणीही दूध विरजलेले आहे, ती डी उचलते, आणि आई विरोध करीत नाही. ती फक्त रवीचा दांडा क्षणभर हातात घेते आणि वर्षानुवर्षे धरून धरून बोटांचे खळगे लाकडात कसे उतरले आहेत ते पाहते. उद्या ताक कशाने घुसळणार, हा प्रश्न कथेत कोणी विचारीत नाही. वापर हेच जर वारशाचे एकमेव मूल्य असते, तर भांडण रवीवरून व्हावयास हवे होते.

तिसरी गोष्ट अधिक अडचणीची आहे. डी गोधड्यांना अमोल म्हणते. त्या विरल्या तर मॅगी नव्या शिवील, कारण तिला गोधडी शिवता येते, असे आईचे उत्तर आहे. हे उत्तर आपल्याला आवडते. वस्तूपेक्षा कौशल्य मोठे, हा विचार त्यात आहे. परंतु त्याच गोधडीत आगपेटीएवढा एक फिकट निळा तुकडा आहे. तो पणजोबा एझ्रा यांनी अमेरिकेच्या यादवी युद्धात घातलेल्या गणवेशाचा आहे. निळा रंग हा उत्तरेकडील संघराज्याच्या सैन्याचा. त्या सैन्यात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक होते. त्यांतील बहुसंख्य काही काळापूर्वीपर्यंत गुलाम होते. कथा याविषयी एक शब्द अधिक बोलत नाही, रंग तेवढा सांगते. हा तुकडा मॅगीला पुन्हा शिवता येणार नाही. दुसरीत शाळा बंद पडलेल्या बाईच्या घरात त्या युद्धाचा कागदी पुरावा असण्याची शक्यता किती? पुरावा आहे तो हा निळा चौकोन, आणि तो धुण्या-वाळवण्यात पाच-दहा वर्षांत जाईल. या एका तुकड्यापुरते डीचे म्हणणे बरोबर आहे. मॅगीच्या बाजूने निकाल देणारे वाचन या तुकड्याजवळ येऊन अडखळावयास हवे. बहुधा ते अडखळत नाही, कारण डीचा काळा चष्मा आणि तिचा कॅमेरा यांच्याकडे आपले लक्ष आधीच वळविलेले असते. वॉकर यांनी डीच्या बाबतीत पारडे थोडे झुकते धरले आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. तिच्या भुकेला कथेत जागा फार कमी मिळते.

मग डीचा दोष कोणता? माझ्या मते तो भिंतीचा नाही, नावाचा आहे. जुने नाव आपल्यावर अत्याचार करणाऱ्यांनी दिलेले आहे, म्हणून ते टाकले, असे ती सांगते. आई तिला आठवण देते की हे नाव मावशीवरून ठेवले, मावशीचे आजीवरून, आणि ही साखळी यादवी युद्धाच्याही मागे नेता येईल. आजीचे नाव डी. मावशीला मोठी डी म्हणत. ज्यांनी गोधडी केली त्यांचेच हे नाव आहे. डीला गोधडी हवी आहे, आणि गोधडी करणाऱ्यांचे नाव तिने नुकतेच टाकून दिले आहे. रवीच्या बाबतीतही असेच घडते. ती कोणी घडविली, असे डी विचारते, आणि उत्तर देते मॅगी : मावशीच्या पहिल्या नवऱ्याने, त्याचे नाव हेन्री, पण त्याला लोक दुसऱ्याच नावाने हाक मारीत. मॅगीची स्मरणशक्ती हत्तीसारखी आहे, असे म्हणून डी ते हसण्यावारी नेते. वस्तू, तिचा कर्ता, त्याचे कागदावरचे नाव आणि हाक मारण्याचे नाव, हे सर्व एकत्र असलेली नोंद त्या घरात फक्त मॅगीच्या डोक्यात आहे.

डीची ही हौस लेखिकेने हवेतून निर्माण केलेली नाही. कथेच्या दोनच वर्षे आधी, १९७१ साली, न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांच्या संग्रहातील गोधड्यांचे प्रदर्शन भरले. अमेरिकी गोधडीतील अमूर्त रचना, असा त्या प्रदर्शनाच्या नावाचा आशय होता. पलंगावरची गोधडी आधुनिक चित्राप्रमाणे पांढऱ्या भिंतीवर उभी टांगली गेली आणि तिच्याकडे पाहण्याची रीत पालटली. हे काम मोलाचे होते, यात शंका नाही. परंतु रंग, रेषा आणि आकृती यांचा हा गौरव होत असताना त्या गोधड्या शिवणाऱ्या बहुतेक स्त्रिया अनामिकच राहिल्या. चित्राखाली चित्रकाराचे नाव नसेल तर आपल्याला चुकल्यासारखे वाटते. गोधडीखाली नाव नसले तर ती लोककला ठरते.

खुद्द वॉकर याच पेचात होत्या. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इन सर्च ऑफ अवर मदर्स गार्डन्स’ या निबंधात, आपल्या आज्या-पणज्यांची सर्जनशीलता कोठे प्रकटली याचा शोध घेताना, त्या वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत टांगलेल्या एका गोधडीचा दाखला देतात. ती शंभर वर्षांपूर्वी अलाबामातील कोणा अनामिक कृष्णवर्णीय स्त्रीने केली, असे तेथे नोंदविलेले असल्याचे त्या सांगतात. कथेत भिंतीवर टांगण्याच्या कल्पनेला नकार देणारी लेखिका वर्षभरातच आपल्या संपूर्ण विचाराचा आधार म्हणून भिंतीवरची एक गोधडी पुढे करते! हा विसंगतीचा आरोप नव्हे. ती गोधडी कोणीतरी टांगली नसती तर तो निबंध त्या रूपात लिहिला गेला नसता, एवढेच म्हणावयाचे आहे.

वॉकर यांनी केलेले वर्णन हॅरिएट पॉवर्स यांच्या बायबल-गोधडीशी जुळते, असे अनेक अभ्यासक मानतात. पॉवर्स (१८३७–१९१०) अलाबामाच्या नव्हेत, जॉर्जियाच्या, जन्माने गुलाम. आदम-हव्वेपासून येशूच्या क्रूसारोहणापर्यंतचे प्रसंग त्यांनी अकरा चौकटींत कापडी आकृत्यांनी मांडले. १८८६ साली अथेन्स गावच्या कापूस-जत्रेत जेनी स्मिथ नावाच्या गोऱ्या चित्रकला-शिक्षिकेने ती गोधडी पाहिली व विकत मागितली. पॉवर्स यांनी नकार दिला. काही वर्षांनी दिवस ओढगस्तीचे आले, तेव्हा त्यांनी स्वतःच ती दहा डॉलरला देऊ केली. स्मिथ यांच्याजवळ पाचच डॉलर होते. पतीच्या सल्ल्याने पॉवर्स यांनी पाच डॉलर घेतले, आणि पुढे त्या आपली गोधडी पाहावयास स्मिथ यांच्याकडे जात राहिल्या. व्यवहार असमान होता आणि स्मिथ यांच्या लेखनात वरिष्ठपणाचा सूरही आहे. परंतु प्रत्येक चौकटीचा अर्थ पॉवर्स यांना विचारून त्यांनी लिहून ठेवला. आज त्या आकृत्या कशाच्या आहेत हे आपल्याला कळते ते त्या टिपणामुळे, आणि कर्तीचे नाव टिकले तेही त्यामुळेच. पुढे पॉवर्स यांच्या १८९६ मधील पत्राचा मजकूरही संशोधकांच्या हाती आला. त्यात त्या स्वतःच आपल्या इतर गोधड्यांविषयी सांगतात. डीने जे केले नाही ते स्मिथ यांनी केले : विचारले आणि लिहिले. किंमत मात्र निम्मीच दिली.

गोधडी वाचता येण्यासाठी ती करता यावी लागते का? सुसान ग्लास्पेल यांच्या ‘ट्रायफल्स’ (१९१६) या एकांकिकेचे उत्तर होकारार्थी आहे. पतीच्या खुनाचा आरोप असलेल्या शेतकरी स्त्रीच्या घरात पुरुष पुरावा शोधीत हिंडतात. स्वयंपाकघरात बसलेल्या दोघींना शिवणाच्या टोपलीत गोधडीचा एक तुकडा सापडतो. बाकीचे टाके नीट असताना शेवटच्या तुकड्याचे टाके एकाएकी वेडेवाकडे झालेले आहेत. टाका का बिघडला, हे शिवणाऱ्या हातालाच कळते. त्यांच्यापैकी एक तो उसवून सरळ करते, म्हणजे पुरावा पुसते. पुरुष गोधडीच्या गप्पांना हसतात. मॅगीचे ज्ञान या जातीचे आहे. ते वर्गात मिळत नाही आणि वर्गात तपासलेही जात नाही.

अलाबामा नदीच्या वळणावरील जीज बेंड या वस्तीची हकिगत हे सर्व प्रश्न एकत्र आणते. तेथील अनेक कुटुंबांचे आडनाव पेटवे आहे, आणि ते तेथील मळ्याच्या गुलाममालकाचे नाव होय. डीचा आक्षेप येथे शब्दशः खरा ठरतो. या वस्तीतील मिझुरी पेटवे यांनी १९४२ साली पतीच्या निधनानंतर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. त्याची आठवण राहावी आणि ती पांघरून झोपता यावे, हे दोन्ही हेतू त्यांनी एका दमात सांगितल्याचे त्यांच्या मुलीने नोंदविले आहे. गुडघ्यावर झिजलेले, उन्हाने विटलेले कापड त्यात तसेच दिसते. स्मारक आणि पांघरूण ही दोन स्वतंत्र कामे आहेत, असे त्या बाईला वाटले नाही. ते वाटणे आपले, म्हणजे समीक्षकांचे. ती गोधडी आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. १९६६ साली याच परिसरात नागरी हक्क चळवळीच्या प्रेरणेने ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था स्थापन झाली. १९७२ पासून सिअर्स या मोठ्या व्यापारी पेढीसाठी कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवण्याचे काम आले, आणि त्यातून उरलेली कात्रणे घरोघरच्या गोधड्यांत गेली. संग्रहालयात ज्या रंगसंगतीची वाखाणणी होते, तिच्या मुळाशी असे एखादे कंत्राटही असते.

२००२ साली विल्यम आर्नेट यांच्या संग्रहातून जीज बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन ह्यूस्टनमध्ये आणि नंतर त्याच व्हिटनी संग्रहालयात भरले. एकतीस वर्षांत एक फरक पडला होता. आता प्रत्येक गोधडीखाली नाव होते. गुलाममालकाचे ते आडनाव कलावंतांचे नाव म्हणून जगभर गेले. २००६ साली अमेरिकी टपाल खात्याने या गोधड्यांची दहा तिकिटे काढली. परंतु २००७ साली त्या स्त्रियांपैकी तिघींनी, आपल्याला योग्य मोबदला मिळाला नाही, असा दावा संग्राहकांविरुद्ध दाखल केला. २००८ साली तो तडजोडीने मिटला. नाव मिळाल्यावर पुढचा प्रश्न दामाचा येतो, हे त्यावरून दिसले. अनामिक राहिलेल्या बाईला दावाही लावता येत नाही.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटू नये. आपली गोधडी, किंवा काही भागांत जिला वाकळ म्हणतात ती, रचनेने वेगळी आहे. तिच्यात कापसाचा निराळा भर बहुधा नसतो, जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर हाच तिचा भर, आणि कडेपासून आत येणारा धावदोरा हेच तिचे बांधकाम. पण तिची अर्थव्यवस्था तीच. लुगडे विरले की दंड घालावयाचा; दंडही जीर्ण झाला की गोधडी; चांगला मऊ तुकडा बाळाच्या दुपट्याला; शेवटी पोतेरे. या क्रमाला फाटा फोडणारी एकच व्यक्ती दारात येई, ती बोहारीण. तिला लुगडे दिले की भांडे मिळे. आपल्या घरांतील कितीतरी पातेली गोधडी न झालेल्या लुगड्यांची आहेत. आणि येथे एक लक्षणीय भेद आहे. भांड्यावर आपण नाव घालतो. कोणी, कोणाला, कोणत्या निमित्ताने दिले, ते तारखेसह ठोक्याठोक्याने कोरून घेतो. गोधडीवर नाव घालण्याची रीत आपल्याकडे नाही. जी वस्तू विकत मिळाली तिच्यावर नाव. जी महिनोन्‌महिने दुपारी बसून हाताने केली ती बिननावाची. त्यातही भांड्यावरचे नाव पुष्कळदा देणाऱ्या पुरुषाचे. आणि स्त्रीचे असलेच तर ते माहेरचे की लग्नात तांदळात लिहून बदललेले, हे पाहावे लागते.

घरगुती वस्तूंच्या संग्रहाचा विचार करताना पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे स्मरण अपरिहार्य आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२० च्या सुमारास संग्रहास प्रारंभ केला. तोफा-तलवारींच्या मागे लागण्याचा तो काळ. केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या, कुलपे आणि स्वयंपाकाची भांडी यांना इतिहासाचा दर्जा दिला, ही त्यांची दृष्टी असामान्य होती. संग्रहालयाच्या नावातील ‘राजा’ ही पदवी नव्हे. अकाली गेलेल्या मुलाचे ते नाव आहे. एका व्यक्तीचे नाव जपण्यासाठी हजारो वस्तू एकत्र आल्या. त्या वस्तू वापरणाऱ्यांची नावे मात्र अशा कोणत्याही संग्रहात सहसा येत नाहीत, कारण घरातून निघालेली वस्तू बाजारातून हिंडत हिंडत संग्राहकापर्यंत पोहोचते आणि वाटेत नाव गळते. धातू टिकतो, लाकूड बऱ्यापैकी टिकते. कापड आणि नाव टिकत नाही.

केळकरांच्या बाबतीत ही अपरिहार्यता होती. आज महाविद्यालयांतून जी लोकसंस्कृती-दालने उभी राहत आहेत, त्यांच्या बाबतीत ती नाही. विद्यार्थ्यांना घरातून जाते, पाटा-वरवंटा, रवी, बंब, हाताने चालवावयाचे शिवणयंत्र आणावयास सांगितले जाते. वस्तू येते, तिच्याबरोबर आजी येऊ शकते, कारण ती अद्याप हयात आहे. दालनाच्या नोंदवहीत अनुक्रमांक, वस्तूचे नाव, लांबी-रुंदी आणि दात्याचे नाव हे रकाने असतात. दाता म्हणून घरातील कर्त्या पुरुषाचे नाव लागते. वस्तू कोणी केली, कोणी वापरली, ती करण्याची रीत कोणाला येते, हे रकाने सहसा नसतात. या नोंदवह्या व्हिटनीच्या १९७१ सालच्या भिंतीपेक्षा फार पुढे गेलेल्या नाहीत. आणि उपाहारगृहांच्या दर्शनी भागात मांडलेली जुनी शिवणयंत्रे तर डीच्या मेजावरील झाकणाची सख्खी भावंडे आहेत.

आता वर्गाकडे वळू. ही कथा आपण कोणाला शिकवितो? समोरच्या बाकांवर बसलेल्यांत घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या मुली असतात. त्यांच्या शुल्कासाठी आईने शेतमजुरी केलेली असते, बचतगटातून उचल घेतलेली असते. घरी गेल्यावर त्यांना घर वेगळे दिसू लागलेले असते. कशाची लाज वाटते, कशाचे अप्रूप वाटते, आणि ही दोन्ही एकाच वस्तूविषयी वाटतात. डीने महाविद्यालयात जाताना हीच गोधडी जुनाट म्हणून नाकारली होती, हे कथा सांगते. या मुली मॅगी नव्हेत, डी आहेत. त्यांच्यासमोर आपण शिक्षणाने बिघडलेल्या मुलीची गोष्ट म्हणून ही कथा मांडतो, तेव्हा त्यांना काय ऐकू येते? शिकलीस आणि परकी झालीस, हे त्यांना गावात ऐकावे लागतेच. तेच आपण पाठ्यपुस्तकाच्या अधिकाराने पुन्हा ऐकवितो. गोधडीकडे पाहण्याची जी नवी दृष्टी त्यांना मिळाली आहे ती टाकून देण्यासारखी नाही. हेन्रीचे दुसरे नाव मॅगीला विचारण्याची आणि ते लिहून घेण्याची त्यांना सवय लावणे, हे अध्यापनाचे काम आहे, आणि कथेत त्याची सामग्री आहे.

कथेच्या निवेदनातच याचा एक पुरावा दडलेला आहे. दुसरीपर्यंत शिकलेल्या आईचा हा आवाज कागदावर उतरविला कोणी? जॉर्जियातील ईटनटन येथे कुळवाड्याच्या घरात १९४४ साली जन्मलेल्या, आठ भावंडांतील सर्वांत धाकट्या, महाविद्यालयात गेलेल्या आणि विद्यार्थिदशेतच आफ्रिका पाहून आलेल्या मुलीने. वॉकर यांनी एका मुलाखतीत आई आणि दोन मुली या तिघी आपल्याला जवळजवळ एकाच व्यक्तीसारख्या वाटतात, असे म्हटले आहे, आणि ते पटण्यासारखे आहे. त्यांच्या आईने लोकांच्या घरी कामे करून मिळविलेल्या तुटपुंज्या मजुरीतून मुलीला तीन वस्तू घेऊन दिल्या होत्या : कपडे स्वतःचे स्वतः शिवता यावेत म्हणून एक शिवणयंत्र, घराबाहेर पडण्यासाठी एक सूटकेस, आणि एक टंकलेखन यंत्र.